सासूबाईंचे शेवटचे दिवस आणि पंधरा वर्षांचा अबोला

पत्र

मी मूळची सांगलीची. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन आयर्लंडला आले. आम्ही पश्चिमेला, काउंटी मेयोमध्ये राहतो. सासऱ्यांच्या शेताच्याच एका तुकड्यावर आमचं घर आहे आणि हाकेच्या अंतरावर जुनं घर, तिथे सासूबाई असतात. त्या 79 वर्षांच्या आहेत. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. उपचार थांबवलेत. डॉक्टर आता 'महिने' म्हणत नाहीत, 'आठवडे' म्हणतात. हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेची, नर्स घरी येते.

माझा नवरा सगळ्यांत धाकटा. मोठे दीर 1987 मध्ये लंडनला बांधकामावर गेले ते तिथलेच झाले. 2010 मध्ये सासरे गेले तेव्हा कळलं, की सगळी जमीन माझ्या नवऱ्याच्या नावे केलीय. दफन झाल्यावर हॉटेलात जेवण होतं, तिथे सगळ्या गावासमोर भांडण झालं. तेव्हापासून दोघा भावांत एक शब्द नाही. नणंद गॉलवेला असते. ती मोठ्याच्या बाजूची. आईला भेटायला येते, पण अंगणात माझ्या नवऱ्याची गाडी नसेल तेव्हाच.

सासूबाई कुणाचं नाव काढत नाहीत. पण नॉकच्या विमानतळावर उतरणारी विमानं त्यांच्या खोलीवरून जातात. गेल्या आठवड्यात दोनदा त्यांनी मला विचारलं, "हे लंडनचं का गं?" नवरा म्हणतो, तो या घरात आला तर मी बाहेर जाईन. मी सून, त्यातून परदेशी. दिरांना फोन करू का? आणि ते आले नि सासूबाईंच्या उशाशीच भांडण पेटलं तर?

— मेयोतली सून

उत्तर

ताई, फोन कराच. वेळ थोडा आहे म्हणून उत्तर आधी देऊन टाकलं. आता तो कुणाला सांगून करायचा, काय बोलायचं आणि दीर आले की पुढे काय, ते लिहिते.

मिरजेत नर्सिंग शिकून मी आयर्लंडला गेले आणि तिथे पश्चिमेकडच्या खेड्यांमध्ये एकोणीस वर्षं आजाऱ्यांच्या घरी रात्रपाळ्या केल्या. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना ते घर मला दिसलंच. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली कायम पेटता तांबडा दिवा, शेगडीशेजारी टर्फची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाच्या मातीची, टोपली. पुढचं दार असतं, पण ते पाद्रीबाबा, डॉक्टर आणि शवपेटी यांच्यासाठी. घरची माणसं मागच्या दारानं येतात, चिखलाचे बूट तिथेच काढतात आणि थेट स्वयंपाकघरात शिरतात. अशा घरांत मी पुष्कळ अबोले पाहिलेत. काही सुटले, बरेचसे सुटले नाहीत. पण जे आले त्यांच्यापैकी 'उगाच आलो' असं म्हणालेलं मला एकही माणूस आठवत नाही.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे या. "हे लंडनचं का?" हा विमानाच्या वेळापत्रकाचा प्रश्न नाही, हे तुम्हीही ओळखलंय, नाहीतर पत्रात लिहिलं नसतं. त्या पिढीच्या, त्या भागातल्या बायका स्वतःसाठी काही मागत नाहीत. चहा विचारला तर दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात. अशा बाईनं एकच गोष्ट आठवड्यात दोनदा विचारली, म्हणजे तिनं खूप मोठ्यानं मागितलं. तरी तुम्ही गृहीत धरू नका. सकाळी त्या जरा ताज्या असतील, वेदनेचं औषध चढलेलं असेल, खोलीत दुसरं कुणी नसेल, तेव्हा जवळ बसून सरळ नाव घेऊन विचारा: "त्यांना बोलावू का?" विचारून झाल्यावर गप्प बसा. ते गप्प बसणं फार जड जातं, आपण पटकन मधे काहीतरी बोलून टाकतो. बोलू नका. त्या म्हणतील, "त्याला काम असेल," किंवा "एवढ्या लांबून कशाला त्रास." हे 'हो' आहे. नको असेल तर त्या नको म्हणतील, आणि तसं म्हणाल्या तर तेही मानायचं. मग दिरांना तब्येत तेवढी कळवायची, या म्हणायचं नाही.

घरात कोण यावं हे आईनं ठरवायचं, तुमच्या नवऱ्यानं नाही, असं मी म्हणते तेव्हा तुम्हाला वाटेल की ही परक्याच्या घरात नाक खुपसतेय. पण आयर्लंडचा कायदाही त्याच बाजूचा आहे. 'जवळचा नातेवाईक' म्हणून सही करणाऱ्याला मोठ्या माणसाच्या वतीनं निर्णय घ्यायचा आपोआप काही अधिकार मिळतो, अशी तिथे अनेकांची समजूत आहे. तसा तो मिळत नाही. साहाय्यानं निर्णय घेण्याबद्दलचा 2015 चा कायदा 26 एप्रिल 2023 पासून लागू झालाय. माणूस आजारी आहे, अंथरुणाला खिळलाय, एवढ्यावरून त्याचा शब्द खाली पडत नाही, असं तो कायदा धरून चालतो. हे नवऱ्याच्या तोंडावर फेकू नका. तुमच्या मनात पक्कं असू द्या, एवढंच.

नवऱ्याला मात्र सांगायचं. परवानगी मागू नका, आणि लपवूही नका. "तुझ्या आईनं विचारलं. मी उद्या फोन करणार आहे. तुला आधी सांगतेय." एवढं पुरे. तो चिडेल. दार आपटून गोठ्याकडे जाईल. जाऊ द्या.

इथे मला त्याच्या बाजूनं बोलायचंय, कारण तुमच्या पत्रात तो जरा हट्टी दिसतो आणि मला तो तसा वाटत नाही. 1845 ते 1852 च्या मोठ्या दुष्काळानंतर त्या देशात जमिनीचे तुकडे पाडत जाणं हळूहळू बंद झालं. तुकड्यावर जगलेली कुटुंबं उपासमारीनं मेली होती, ती भीती हाडांत बसली. मग रीत पडली, की शेत एका मुलाला आणि बाकीच्यांना बोटीचं तिकीट. मेयोतल्या तीस-चाळीस एकरांच्या ओल्या, दगडगोट्यांच्या शेतावर दोन संसार निघत नाहीत, हे तुम्ही नऊ वर्षं बघताय. तेव्हा सासऱ्यांनी जे केलं ते क्रूरपणानं केलं असं मला वाटत नाही. पण ते जिवंतपणी मुलांसमोर बसून सांगितलं असतं, तर पुढची पंधरा वर्षं वाचली असती. ऐंशीच्या दशकात गेलेल्या थोरल्याला वाटत राहिलं असणार की आपण पैसे पाठवले, एक दिवस परतू. धाकट्याला वाटतं की मी राहिलो. पावसात मेंढ्यांची वीण काढली, वडिलांचं आजारपण काढलं, आईला दर रविवारी चर्चला नेलं, आता केमोच्या फेऱ्या केल्या. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच ते मिटत नाही.

आणि एक गोष्ट होणार आहे, तिची तयारी तुम्हीच ठेवा. थोरला दारात दिसला की सासूबाईंचा चेहरा असा काही उजळेल, की गेल्या पंधरा वर्षांत धाकट्यानं तो तसा पाहिला नसेल. बायबलातल्या उधळ्या पुत्राची गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ असेल. परत आलेल्या मुलासाठी पोसलेलं वासरू कापतात, आणि घरी राबलेला भाऊ बाहेर उभा राहतो, आत यायला तयार नसतो. बाहेरचा तो मुलगा मी अंगणात, गाडीच्या बॉनेटला टेकून उभा असलेला कितीदा पाहिलाय. त्या क्षणी तुम्ही खोलीत थांबू नका. आत त्यांचं ते बघतील. तुम्ही बाहेर, नवऱ्यापाशी जा. काही बोलायची गरज नाही. त्याचा कोट घेऊन गेलात तरी चालेल.

फोनबद्दल. तुम्ही लिहिता, मी सून, परदेशी, मधे पडू का? परदेशी असण्याचा इथे फायदाच आहे. त्या हॉटेलातल्या जेवणाला तुम्ही नव्हतात, तुमच्या तोंडून गेलेला एकही शब्द दिरांना बोचत नसेल. पण मी तटस्थ आहे असं मात्र म्हणू नका. तुमचं घर त्याच जमिनीवर उभं आहे, आणि हे ते विसरलेले नाहीत. "सगळं विसरून या," "झालं गेलं गंगेला मिळालं," "आईसाठी तरी" ही वाक्यं गिळून टाका. फक्त तब्येत सांगा, आणि स्पष्ट सांगा. त्या भागात 'जरा खालावलीय' म्हणायची पद्धत आहे. त्या 'जरा'पायी लोक पुढच्या महिन्याचं तिकीट काढतात आणि दफनाला पोचतात. म्हणून म्हणा: "त्या आठवडेच काढतील, कदाचित त्याहून कमी. आज त्या जाग्या असतात, बोलतात. पुढच्या आठवड्यात बोलतील असं नर्स सांगत नाही. त्यांनी तुम्हाला बोलवायला सांगितलंय. जुन्या घरात तुमची खोली तयार करते." ते विचारतील, "त्याला माहीत आहे का?" खरं सांगा: "माहीत आहे. त्याला आवडलेलं नाही. मी तरी फोन केलाय."

हे मी एवढं का बजावतेय ते सांगते. माझे वडील मिरजेत आजारी होते तेव्हा घरच्यांनी मला "काळजी करू नको, बरे आहेत" असंच सांगितलं. तिला एवढ्या लांब उगाच त्रास नको, हा त्यांचा चांगलाच हेतू होता. मी मुंबईला उतरून गावी पोचले तो तिसरा दिवस होता. दारात चपला खूप होत्या आणि पलंग उभा करून भिंतीला लावलेला होता. माझ्यावर दया करून माझा हक्क काढून घेतला होता, असं मला अजून वाटतं. तुमच्या दिरांना तुम्ही निदान खरी माहिती द्या, मग ते येवोत न येवोत.

नाहीच आले, तर फोनवरून भेट करून द्या. तुम्ही फोन सासूबाईंच्या कानाशी धरा आणि दिरांना सांगा, की उत्तराची वाट बघू नका, बोलत राहा. त्या झोपेत असल्या तरी बोलू द्या. आम्ही नर्स मंडळी शेवटपर्यंत कानाशी बोलतो, आणि आवाज ओळखीचा असला की श्वास संथ झालेला मी अनेकदा पाहिलाय.

येणार असतील तर नणंदेला कामाला लावा. गॉलवेहून येऊन तिनं त्यांना नॉकला उतरवून घ्यावं. म्हणजे ते एकटे घरात शिरणार नाहीत, आणि तिलाही अंगणातली गाडी न बघता येण्याचं निमित्त मिळेल. पहिली भेट छोटी ठेवा. सासूबाई दमतील, दहा-पंधरा मिनिटांत डोळे मिटतील. दिरांनी त्याला नकार समजू नये, हे त्यांना आधी सांगून ठेवा. कावीळ असेल, अंगावरचं मांस गेलेलं असेल. पंधरा वर्षांपूर्वीची आई डोक्यात ठेवून ते खोलीत येणार आहेत. दाराबाहेर एक मिनिट थांबवून, काय दिसणार आहे ते त्यांना सांगा.

आणि त्यांच्या हाताला काम द्या. उशाशी भांडण पेटतं ते रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसांत. तोंड कोरडं पडतं तेव्हा ओल्या स्पंजच्या काडीनं ओठ, जीभ पुसायची असते. ते नर्सकडून त्यांना शिकवून घ्या. मी एका घरी पाहिलेलं सांगते. तीस वर्षांनी बोस्टनहून परतलेली मुलगी आईच्या खोलीत उभी होती, काय करावं कळत नव्हतं, बॅगसुद्धा हातातच. आई तिच्याकडे बघत म्हणाली, "वाळलीस. जेवलीस का?" बस. सगळ्या घरानं श्वास रोखून ज्याची वाट पाहिली ते संभाषण एवढंच झालं. मग मी तिच्या हातात कोमट पाण्याचं भांडं नि फडकं दिलं. तिनं आईचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश, एकेक. भाऊ दारात उभा राहून बघत होता. थोड्या वेळानं तो आत आला आणि दुसरा पाय वर उचलून धरला, कारण तिला एकटीला जमत नव्हतं. त्या रात्री दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. पहाटे अंगणात मात्र डिझेलच्या भावावर बोलत होते.

तुमच्याकडेही असंच काहीतरी होईल असं समजा. भेट आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या हातात फक्त भेट आहे. मरणाऱ्या माणसासमोर दोघा भावांचे हात एकमेकांच्या हातात देणं वगैरे करू नका. सासूबाईंना ते नाटक कळेल आणि त्यांच्याच जिवाला घोर लागेल. दोघं एका छपराखाली आहेत, शिव्या देत नाहीत, आळीपाळीनं रात्री जागतात, हे त्यांना पलंगावरून ऐकू आलं तरी पुष्कळ. बोलायला विषय लागलाच तर मेयोची फुटबॉल टीम आहे. 1951 नंतर ऑल-आयर्लंडचा करंडक मेयोला मिळालेला नाही, आणि या दुःखावर मेयोतले कुठलेही दोन पुरुष न भांडता तासभर बोलू शकतात.

रात्रींचं आत्ताच बघून ठेवा. बहुतेक भांडणं पहाटे तीनला होतात, झोप न झाल्यामुळे होतात. कॅन्सरच्या पेशंटसाठी आयरिश कॅन्सर सोसायटीच्या रात्रीच्या नर्स विनामूल्य घरी येतात. तुमच्याकडे येणाऱ्या हॉस्पिसच्या नर्सला आजच सांगा म्हणजे ती व्यवस्था करेल. संकोच करू नका. डब्लिनला हॅरॉल्ड्स क्रॉसमध्ये 1879 पासून हॉस्पिस चालू आहे, मरणाऱ्याच्या घरच्यांनाही सांभाळायचं असतं हे तिथली माणसं फार आधीपासून जाणतात. स्वयंपाकघरात कागदावर पाळ्या लिहून लावा, दोघा भावांच्या पाळ्या लागोपाठ ठेवा. पाळी बदलताना "दोनला औषध दिलं, चारला कूस बदल" एवढं तरी बोलावंच लागतं.

जमिनीचा कागद मात्र त्या खोलीत कुणीही आणायचा नाही. तुमच्या नवऱ्याला ही भीती आतून खात असेल, म्हणून सांगते: आयर्लंडच्या 1965 च्या वारसा कायद्यात, मृत्युपत्रात आपल्याला न्याय मिळाला नाही म्हणून मुलाला कोर्टात जायचं असेल, तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरची अधिकृत मंजुरी, निघाल्यापासून 6 महिन्यांची मुदत असते. सासरे 2010 मध्ये गेले. प्रोबेट तेव्हाच निघालं असेल, तर ती मुदत कधीच सरली. एकदा वकिलाकडून खात्री करून घ्या, म्हणजे नवऱ्याची झोप सुधारेल. सासूबाईंचं स्वतःचं जे काही आहे त्याबद्दल त्यांना काही सांगायचं असेल, तर त्यांचा वकील येईल, त्यांच्याशी एकट्यानं बोलेल. मुलांनी, सुनेनं त्या वेळी बाहेर बसायचं.

आणखी एक नवऱ्याला सांगता येईल, रात्री, शांतपणे. भाऊ आता आला नाही तरी दफनाला येणारच. आरआयपी डॉट आयईवर मृत्यूची बातमी जाईल, तीत मुलांची नावं असतील. कुणाचं नाव गाळलं, कुणाचं शेवटी टाकलं, हे सगळा पॅरिश, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली सगळी माणसं, वाचतो. घरी वेकची, म्हणजे मृतदेहापाशी जागायची, रात्र होईल, शेजारीपाजारी सँडविच नि केक घेऊन येतील, शेकडो माणसं रांगेनं येऊन एकेकाचा हात हातात घेऊन म्हणतील, "सॉरी फॉर युअर ट्रबल." त्या रांगेत दोघा भावांना शेजारी उभं राहायचंच आहे. आणि शवपेटी खांद्यावर घेताना समोरासमोरची जोडी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकते, नाहीतर पेटीचा तोल जातो. उंची जुळते म्हणून बहुधा भावाभावांचीच जोडी लागते. पंधरा वर्षांनी भावाच्या अंगाला पहिला हात आईच्या पेटीखाली लागावा, की तिच्यादेखत चहाचा कप देताना लागावा, एवढंच त्याला विचारा. उत्तर लगेच मागू नका.

हे पत्र हाती पडेल त्या दिवशीच सासूबाईंशी बोला. आणि दीर येतील त्या संध्याकाळी एक करा. पंधरा वर्षांनी आलेला माणूस बिचकतो, पाहुण्यासारखा पुढच्या दाराशी जाऊन घंटी वाजवतो. नणंदेला सांगून ठेवा, गाडी घराला वळसा घालून मागे आण म्हणावं. मागचं दार नुसतं लोटून ठेवा, आतला दिवा लावा, आणि टर्फची टोपली मुद्दाम रिकामी ठेवा. ती कुठे भरायची हे त्यांना ठाऊक आहे.